मोडीत गेलेली घडणावळ

जुन्या चांदीच्या वस्तूंचा संग्रह म्हटला की डोळ्यांपुढे धनिकांचे दिवाणखाने आणि काचेची कपाटे उभी राहतात. शिक्षकाच्या वेतनात हा छंद बसावयाचा नाही, असे आम्हांसही वाटत असे. परंतु एका अडचणीच्या वर्षी आजीचा चांदीचा कुंकवाचा करंडा आमच्याच हातून सोनाराकडे गेला. त्याने तो काट्यावर ठेवला, वजनाचे पैसे मोजले. झाकणावरचा मोर हिशेबात आलाच नाही. सोनाराला बोल लावण्यात अर्थ नाही. मोडीच्या व्यवहारात घडणावळ कोणीच देत नसतो. करंडा मुशीत गेला आणि आमचे मत तेथेच पालटले.

आमच्या मते अल्प ऐपतीच्या माणसानेच हा छंद करावा. ताटे, समया यांचा मोह आजच्या भावात परवडणार नाही. पण चुनाळे, अत्तरदाणी, लहानशी डबी यांत चांदी ती कितीशी? दोन-तीन तोळे. पुष्कळ वस्तू घेण्यापेक्षा एकाच जातीच्या चार घ्याव्यात, म्हणजे नजर तयार होते. मात्र 'जर्मन सिल्व्हर' या नावास भुलू नये. ते तांबे, जस्त व निकेल यांचे मिश्रण, त्यात चांदी मुळीच नसते. लोहचुंबकाची परीक्षाही अपुरी, कारण तांबे-पितळही त्यास चिकटत नाही. कसोटी आणि काटा हेच खरे. गोमंतकासाठी १८८१ साली पाडलेला पोर्तुगीज चांदीचा रुपया सुमारे ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा असतो. हे ठाऊक असेल तर बनावट नाणे पुष्कळदा तोलातच उघडे पडते.

वस्तू कोठून आली हे मात्र विचारलेच पाहिजे. देवळातील उपकरणे स्वस्त मिळाली तरी त्यांस हात लावू नये. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीने देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही परदेशी आप्त असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक. चांदी काळवंडते ती हवेतील गंधकामुळे. राखेने खसाखसा घासून ती उजळते खरी, पण नक्षीही झिजते. मऊ कापड पुरे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आम्हांस एक चुनाळे मिळाले. बिजागरी मोडलेली, तळाशी कोणा बाईच्या नावाची टोचणीने कोरलेली तीन अक्षरे. बिजागरी आम्ही अद्याप दुरुस्त केलेली नाही. डाग देताना ती अक्षरे जातील, असे सोनार म्हणतो.