अनुबोधपट आणि कलावंताला न्याय

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे आत्मकथन त्यांच्याच ‘मी’ने बोलते. त्यावर आधारित श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ने (१९७७) नायिकेचे नाव बदलून कल्पिताचे स्वातंत्र्य उघडपणे घेतले. अनुबोधपट मात्र खरे नाव आणि खरा चेहरा वापरतो. म्हणून त्याची जबाबदारी अधिक. समतोल म्हणजे दोन्ही पक्षांना सारखी मिनिटे देणे नव्हे. अशा कलावंताचे मद्यपान व विस्कटलेला संसार दाखवताना पुण्यातील ‘प्रभात’च्या ‘संत सखू’मधील (१९४१) त्यांच्या अभिनयाची चिकित्सा वगळली, तर प्रत्येक तपशील खरा असूनही एकूण चित्र असत्य ठरते. दिवंगत कलावंताला खुलासा करता येत नाही. त्यामुळे त्याचे स्वतःचे निवेदन आणि इतरांच्या आठवणी प्रेक्षकाला वेगवेगळ्या ओळखता येतील, अशी मांडणी दिग्दर्शकाने केलीच पाहिजे.