उपमानाचा धर्म आणि नाद

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आली. परंतु तिच्यातील तुलनावाचक वाक्प्रचार आजही बहुधा पाठांतरानेच शिकविले जातात. भाजे येथील भातखाचरांत वाढलेल्या विद्यार्थ्यास ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’ अवघड जात नाही. हिमवर्षाव न पाहताही शुभ्रता हा साधारणधर्म त्याला सापडतो, बगळाही आठवतो. अडचण येते ती ‘ॲज राइट ॲज रेन’पाशी. आषाढाचा मारा सोसणारा मावळातला मुलगा पावसाचा गुण शोधू लागतो आणि फसतो. अर्थ केवळ ‘अगदी ठणठणीत’ एवढाच. साधारणधर्म व उपमान यांना येथे मुख्यतः ‘र’काराचा अनुप्रास सांधतो. (‘ठणठणीत’ तरी नादावाचून कशावर उभा आहे?) उपमेचे चार घटक मराठीच्या तासाला शिकविले जातात, इंग्रजीच्या तासाला मात्र त्यांची आठवणही काढली जात नाही.