हप्ता आधी, किराणा नंतर

महिना १५,००० रुपयांत चालणाऱ्या घरात पगार हाती येण्याआधीच वाटला गेलेला असतो: खोलीचं भाडं, वाण्याची उधारी, गॅस, शाळेची रिक्षा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता. अशा घराला काटकसरीचा उपदेश करणं अन्यायाचं आहे. वीस रुपयांचं सुटं तेल आणणारी बाई काटकसरच करत असते, आणि सुटं घेतल्यामुळे तेच तेल तिला महागही पडतं.

खरी गळती व्याजात आहे.

१०,००० रुपये वर्षभरासाठी ‘१२ टक्के फ्लॅट’ने घेतले, तर हप्ता साधारण ९३३ रुपये बसतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर आकारलं जातं. खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. बचत गटात महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज असलं, तरी ते गटाच्याच पेटीत राहतं.

वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या विनातारण कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यात बसले पाहिजेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करता येत नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. नियम चांगले आहेत, पण निम्म्याची मर्यादा फार सैल आहे: १५,००० मधले साडेसात हजार हप्त्यात गेल्यावर उरलेल्यात भाडं आणि किराणा भागत नाही, मग जुना हप्ता भरायला नवं कर्ज निघतं. म्हणून सही करण्याआधी कर्जाचं माहितीपत्रक मराठीत मागावं. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते देणं बंधनकारक आहे.