मोटार कोणी बांधावी?

तंत्रज्ञान-कंपनीने स्वतःची विद्युत मोटार बांधावी काय, या प्रश्नाचा निर्णय करताना ॲपलने २०१४ च्या सुमारास आरंभिलेली व फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळलेली योजना, तसेच बंगळुरूच्या ओला इलेक्ट्रिकने १५ ऑगस्ट २०२२ रोजी समारंभपूर्वक जाहीर करून पुढे बाजूस ठेवलेला तसाच संकल्प, यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. चीनच्या शाओमीने २०२४ या एकाच वर्षात लाखाहून अधिक मोटारी ग्राहकांच्या हवाली केल्या, हे खरे. परंतु बॅटरीपासून बोल्टपर्यंतचे पुरवठादार तेथे हाताशी आहेत.

पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने २०१० मध्ये भारत फोर्जच्या सहयोगाने चालू मोटारीस जोडावयाचे ‘रेव्होलो’ हे विद्युत-साहाय्य यंत्र पुढे आणले. तथापि स्वतःच्या मोटारीच्या भरीस न पडता जगातील मोटार-उत्पादकांना संगणक-प्रणाली पुरविण्यातच तिने आपले कर्तृत्व लावले, हा विवेक आम्हांस निःसंशय श्रेयस्कर वाटतो.

अशा प्रणालीची गरज आमच्याकडे कोठे आहे हे जाणावयाचे, तर रायपूर स्थानकाबाहेर सवारीची वाट पाहत उभ्या असलेल्या ई-रिक्षाचे आसन उचलून पाहावे. खाली ओळीने मांडलेल्या जड बॅटऱ्या, त्यांच्या टोकांवर साचलेला पांढरट क्षार, आणि त्यांवरच विसंबलेली चालकाची रोजची कमाई! मे महिन्यातील आमच्या येथील उन्हात या बॅटऱ्या केव्हा दगा देतील, याची आगाऊ सूचना त्यास स्वस्तात देणारी प्रणाली निर्माण करणे, हे तंत्रज्ञांचे खरे कार्यक्षेत्र होय. त्याउपर कोणी मोटार काढलीच, तर छत्तीसगड शासनाने सवलतीचा हुकूम काढण्यापूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीची व सुट्या भागांची तजवीज असल्याचा दाखला अवश्य मागावा.