नक्षी हवी, चेहरा नको

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर फाकाताने नावाचे गाव आहे. तिथल्या न्गाती आवा या माओरी जमातीची सुमारे अडीच लाख एकर जमीन 1866 साली सरकारने बंडखोरीचा ठपका ठेवून जप्त केली. पोटापाण्याची जागा गेली, काही माणसे फासावर गेली. अशा अवस्थेत उरलेल्यांनी काय करावे? त्यांनी घर बांधले. 1875 साली उभ्या राहिलेल्या या सभागृहाचे नाव माताआतुआ. माओरी लोक अशा घराला फारेनुई म्हणतात. छताचा आढा हा मूळ पूर्वजाचा कणा, वासे म्हणजे त्याच्या बरगड्या, आणि भिंतीतला प्रत्येक कोरीव खांब हा वंशातला एकेक माणूस. पंचायत तिथेच बसते, प्रेतही तिथेच ठेवून रडतात.

चार वर्षांनी सरकारला सिडनीच्या प्रदर्शनात काहीतरी मांडायचे होते. घर उतरवून जहाजावर चढवले गेले. सिडनीत ते उभारले, पण उलटे. कोरीवकाम पाहुण्यांना नीट दिसावे म्हणून भिंतींची आतली बाजू बाहेर काढली आणि पूर्वजांना उन्हापावसात रस्त्याकडे तोंड करून उभे केले. तिथून मेलबर्न, तिथून लंडन. लंडनच्या संग्रहालयात ते चाळीस वर्षे गोदामात पडून होते. 1924 साली वेम्ब्लीच्या साम्राज्य-प्रदर्शनासाठी पुन्हा बाहेर काढले. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले, पण घरी नाही. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डनीडिनच्या संग्रहालयात ते आणखी सत्तर वर्षे राहिले. परतीचा करार 1996 साली झाला आणि घर स्वतःच्या मातीवर उभे राहायला 2011 उजाडले.

या हकिगतीत रात्री भिंत फोडून शिरलेला चोर कोणी नाही. सगळे शिकलेसवरलेले लोक आहेत : अधिकारी, प्रदर्शन समित्यांचे सभासद, संग्रहालयांचे अभिरक्षक. सगळे कलेचे चाहते. माझा आरोप याच चाहत्यांवर आहे. माओरी आणि पॉलिनेशियन कलांचे जे नुकसान झाले, त्यात द्वेषाचा वाटा मोठा होताच. मिशनऱ्यांनी बेटाबेटांवर देवमूर्ती जाळायला लावल्या, काही नग्न मूर्तींची लिंगे छाटली. पण द्वेष ओळखू येतो आणि त्याच्याशी भांडता येते. कौतुक करत करत केलेल्या लुटीशी भांडायचे कसे? कॅप्टन कुकच्या प्रवासांतून इंग्लंडात आलेले तापा, म्हणजे सालीपासून कुटून बनवलेले कापड, अलेक्झांडर शॉ नावाच्या माणसाने 1787 साली कात्रीने कापून त्याचे तुकडे पुस्तकांत चिकटवले आणि नमुन्यांचे पुस्तक म्हणून विकले. ताहिती, टोंगा, हवाई इथल्या बायकांनी दिवसदिवस कुटून, रंगवून तयार केलेले कापड, आणि खरेदीदाराला हवा होता चार बोटांचा नमुना.

चेहऱ्यांच्या बाबतीत तर हे कौतुक कोणत्या थराला गेले ते सांगताना शरम वाटते. माओरी माणसाच्या चेहऱ्यावरचा मोको हाडाच्या छिन्नीने त्वचेत कोरलेला असे. त्यात कूळ, दर्जा, पराक्रम सगळे यायचे. माणूस मेल्यावर आप्त त्याचे मस्तक वाफवून, धुरी देऊन, वाळवून जपत, कारण तो चेहरा त्यांना पुन्हा पाहायचा असे. 1770 साली कुकच्या जहाजावरच्या जोसेफ बँक्सने असे एक मस्तक जुन्या तागाच्या चड्डीच्या बदल्यात घेतले. मालक कचरू लागला तेव्हा बंदूक रोखली. हा बँक्स पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचा चाळीस वर्षे अध्यक्ष होता. पन्नास वर्षांत या मस्तकांचा बाजार तयार झाला. मस्तक द्या, बंदुका घ्या. मागणी एवढी वाढली की पकडलेल्या गुलामांच्या चेहऱ्यांवर घाईघाईने वाटेल ती नक्षी उमटवून, त्यांना मारून माल पुरवला जाऊ लागला. हे करणारे हात माओरी सरदारांचेही होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण विकणारा लोभी निघाला म्हणून घेणारा सुटत नाही. 1831 साली न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर डार्लिंग याने या व्यापारावर बंदी घातली, ती सिडनीच्या बंदरात माल उघडउघड उतरत होता म्हणूनच.

होरेशिओ रोब्ली हा तर या चाहत्यांचा शिरोमणी. 1864 मध्ये तो माओरींविरुद्धच्या लढाईत इंग्रज फौजेत होता. चित्रे सुरेख काढायचा. पुढे त्याने मोकोवर ग्रंथ लिहिला, तो आजही अभ्यासक वापरतात. आणि त्याने तीसहून अधिक मस्तके जमवली. भिंतीवर ती रांगेने टांगून त्यांच्यासमोर बसून काढलेले त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्या गालांवरच्या रेषा त्याला पाठ होत्या. न्यूझीलंड सरकारने त्याचा संग्रह विकत घ्यायला नकार दिला. मग 1907 साली त्यातला बहुतेक भाग न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने घेतला. तिथून तो 2014 मध्ये परतला. फ्रान्समधल्या रुआँ शहराने आपल्याकडचे एक मस्तक 2007 साली आपणहून परत द्यायचे ठरवले, तर त्यांच्याच सांस्कृतिक मंत्रालयाने अडवले : राष्ट्रीय संग्रहातली वस्तू देता येत नाही. माणसाचे डोके ही राष्ट्रीय संग्रहातली वस्तू! त्यासाठी 2010 साली फ्रान्सच्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

त्याच 1907 साली न्यूझीलंडच्या संसदेने तोहुंगा प्रतिबंधक कायदा केला. तोहुंगा म्हणजे जाणकार. कोरीवकामाचा जाणकार तोहुंगा, मोकोचा तोहुंगा, मंत्रोपचाराचाही तोहुंगा. कायद्याचा रोख मंत्रोपचार आणि भविष्यकथनावर होता आणि माओरी आमदारांनीही त्याला पाठिंबा दिला होता. इथे मला थांबून बोलले पाहिजे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा मी समर्थक आहे. आजारी पोराला थंड पाण्यात बुडवणाऱ्या मांत्रिकाला शिक्षा झालीच पाहिजे, मग तो कुठल्याही देशातला असो. पण आपला कायदा पंचे नेसणाऱ्या भोंदूला आणि सूट घालणाऱ्या भोंदूला सारखाच लागतो. न्यूझीलंडचा तो कायदा फक्त माओरींमधल्या बुवाबाजीपुरता होता. गोऱ्या ज्योतिषिणी गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी शहरांत दुकाने थाटून बसल्या होत्या, त्यांना या कायद्याची झळ नव्हती. माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजीतूनच शिकवणे 1867 पासून चालू होते. माओरी बोलणाऱ्या मुलाच्या हातावर छडी बसे. जाणकाराला संशयित ठरवायचे, त्याच्या नातवाच्या तोंडून भाषा काढून घ्यायची, आणि मग ही कला मरत चालली म्हणून संग्रहालयांनी हळहळायचे. तोहुंगा प्रतिबंधक कायदा 1962 पर्यंत पुस्तकात होता.

कोणी म्हणेल, ही जुनी पापे झाली. मग ताजे उदाहरण घ्या. एअर न्यूझीलंडच्या विमानांच्या शेपटीवर 1973 पासून कोरू आहे : नेच्याच्या कोवळ्या, गुंडाळलेल्या कोंबाची माओरी नक्षी, जी मोकोमध्येही येते. एके काळी ही कंपनी प्रवाशांना प्लास्टिकच्या हेइ-टिकी फुकट वाटायची. टिकी म्हणजे पोउनामू नावाच्या हिरव्या दगडातून महिनोन्‌महिने घासून घडवलेली आणि आजीकडून नातीकडे जाणारी गळ्यातली मूर्ती. तिचे पोरांना वाटायचे खेळणे झाले. आणि याच कंपनीत, प्रवाशांसमोर काम करणाऱ्याच्या अंगावर दिसेल असा मोको चालत नव्हता. 2013 मध्ये एका माओरी तरुणीला हातावरच्या मोकोमुळे नोकरी नाकारल्याची बातमी देशभर गाजली. नियम बदलला तो 2019 मध्ये. म्हणजे शेचाळीस वर्षे नक्षी विमानावर शोभत होती, फक्त ती ज्यांची होती त्यांच्या हातावर शोभत नव्हती.

ननाया माहुता 2020 साली परराष्ट्रमंत्री झाल्या, हनुवटीवर मोको कौवाए असलेल्या त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. तेव्हाही त्या हनुवटीला असंस्कृत म्हणणारे निघाले. असे म्हणणाऱ्याच्या दिवाणखान्यात कोरलेला पोउनामू नसेलच, असे मी म्हणणार नाही. हा दगड दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. 1997 च्या कायद्याने त्याची मालकी न्गाई ताहू जमातीला परत मिळाली. त्याआधी तो जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या कारखान्यांत पाठवून यंत्रावर टिक्या कातून घेतल्या जात आणि ‘अस्सल’ म्हणून खपत. आज उलटे चालते, परदेशी हिरवा दगड न्यूझीलंडच्या दुकानांत येतो. गिऱ्हाईक विचारते भाव. कोणी घडवले हे विचारत नाही.

माओरी समाजाच्या आतली उतरंडही तपासली पाहिजे, नाहीतर हा लेख गोऱ्यांच्या नावाने बोटे मोडण्यापुरता राहील. 1984 साली न्यूयॉर्कमध्ये ‘ते माओरी’ हे प्रदर्शन भरले. पहाटेच्या प्रार्थनेने दारे उघडली, माओरी वडीलधारे स्वतः हजर होते, जगाने पहिल्यांदा या वस्तूंकडे कला म्हणून पाहिले. 174 वस्तू. लाकूड होते, दगड होता, हाड होते. विणकाम नव्हते. कोरतात पुरुष, विणतात बायका. हाराकेके या धागा देणाऱ्या झाडाची पाती कापताना मधला कोंब आणि त्याला बिलगलेली दोन पाती सोडायची, कारण ते मूल आणि त्याचे आईबाप. पाऊस असताना कापायचे नाही. शिंपल्याने खरवडून रेशमासारखा धागा काढायचा. मग बोटांनी महिनोन्‌महिने विणून एक झगा. एवढी विद्या कलेच्या दारातून परत पाठवली गेली, आणि माओरी स्त्रियांनी त्याबद्दल तेव्हाच जाब विचारला. रांगीमारिए हेटेट ही 1892 मध्ये जन्मलेली विणकरीण. विद्या घराण्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम तिला शिकवला होता. विद्या मरते आहे हे पाहून तिने 1950 च्या दशकात वडीलधाऱ्यांची संमती काढली आणि इतर जमातींच्या बायकांना शिकवायला बसली. मला या सगळ्या कहाणीत खरी सुधारक कोण दिसत असेल, तर ही.

आपली विद्या, आपल्या नक्ष्या, आपली झाडे यांवर आपला शब्द चालावा म्हणून सहा माओरी वडीलधाऱ्यांनी 1991 साली, माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणात दावा लावला. निकालाचा अहवाल 2011 साली आला. तोवर सहापैकी पाच जण वारले होते. सहाव्या, साना मरी, अहवाल पाहून त्याच वर्षी गेल्या. त्यानंतरही, 2013 मध्ये नाइकीने सामोअन पुरुषाच्या अंगावरचा पेआ हा गोंदणाचा प्रकार बायकांच्या लेगिंग्जवर छापला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. 2016 मध्ये डिस्नेने पॉलिनेशियन देवमाणूस माउईच्या गोंदलेल्या कातडीचा पोशाख पोरांसाठी काढला, तोही मागे घेतला. प्रत्येक वेळी ओरडण्याचे काम ज्यांचे चोरले त्यांनीच करायचे.

आणि आपण? पुण्या-मुंबईच्या टॅटू स्टुडिओंत ‘माओरी बँड’, ‘पॉलिनेशियन स्लीव्ह’ यांची चित्रे भिंतीवर लावलेली असतात. जिमला जाणारा मुलगा दंडावर बोट ठेवून सांगतो, हे काढा. कुणाचे कूळ आपण अंगावर चढवतो आहोत याचा त्याला पत्ता नसतो, काढणाऱ्यालाही नसतो. माओरी कारागिरांनी परक्यांसाठी कुळाचा दावा न करणारी वेगळी नक्षी, किरीतुही, काढून ठेवली आहे. म्हणजे दार बंदही नाही, फक्त विचारायची तसदी घ्यायला हवी. याच मुलाच्या आजीच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका असतो, हातावर तुळस असते. लग्नाच्या फोटोत तो हात पदराखाली घ्यायला तिला सांगितले जाते. तिच्या मुलीने आपल्या अंगावरचे गोंदण डाग म्हणून लेझरने काढून घेतले. ‘गावंढळ’ हा शब्द आपण आजीसाठी राखून ठेवला आणि ‘ट्रायबल’ हा नातवासाठी. दोन्ही नक्ष्या सुईनेच त्वचेत गेल्या. एकीची पावती मिळाली, एवढाच फरक. आजीला गोंदणारी बाई भटक्या जमातीतली होती, पायलीभर धान्यावर आणि जुन्या लुगड्यावर काम करायची. तिच्या पालावर आजही पोलीस संशयाने येतात. तासाला हजारो रुपये घेणाऱ्या त्या वातानुकूलित स्टुडिओंत सुई धरून बसलेल्यांमध्ये तिच्या नाती किती आहेत, ते एकदा जाऊन मोजा.