ओप्पा सोडा, ऑफिस बघा!

के-ड्रामा बघते म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. 'त्यांचे हीरो एवढे गोरेपान कसे गं?' आणि 'सबटायटल वाचून दमत नाहीस?' अहो, दिवसभर एक्सेलच्या रांगा वाचून दमत नाही, ती रात्री सबटायटलनं काय दमणार!

पण खरं सांगू? छत्रीतल्या रोमान्ससाठी मी के-ड्रामा बघतच नाही. (बरं, थोडा बघते.) मला त्यातली ऑफिसं आवडतात.

'मिसेंग' घ्या. २०१४ सालची २० एपिसोडची मालिका, युन ते-होच्या वेबटूनवर बेतलेली. हीरो जांग गु-रे लहानपणापासून बादुक, म्हणजे 'गो' हा पटावरचा खेळ, खेळत आलेला. त्यात प्रोफेशनल होणं जमलं नाही, म्हणून ओळखीनं एका ट्रेडिंग कंपनीत चिकटलेला. 'मिसेंग' ही बादुकमधलीच संज्ञा. धड जिवंत नाही आणि धड मेलेलीही नाही, अशी सोंगटी. काँट्रॅक्टवर काम केलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आपल्याकडे असता तर हा गु-रे शेवटच्या एपिसोडला मालकाचा हरवलेला मुलगा निघाला असता. इथं (सस्पेन्स फोडतेय, सॉरी!) तो जीव तोडून काम करतो आणि तरीही परमनंट होत नाही. लोकांना हे इतकं लागलं की त्याच वर्षाअखेरीस काँट्रॅक्ट कामगारांबद्दल आलेल्या सरकारी प्रस्तावाला 'जांग गु-रे कायदा' असंच नाव पडलं.

दुसरी माझी लाडकी, २०२२ मधली 'माय लिबरेशन नोट्स'. नेटफ्लिक्सवर आलेली, १६ एपिसोड, खेळ खल्लास. सोलबाहेर ग्योंगी प्रांतात राहणारी तीन भावंडं रोज तासन्‌तास प्रवास करून नोकरीला जातात. मित्रांबरोबर बसलं तरी निम्मं लक्ष शेवटच्या गाडीकडे. कर्जत-कसारावाल्यांना हे सबटायटलशिवायही कळेल! धाकटी मि-जोंग काँट्रॅक्टवर डिझायनर. कंपनीचा फंडा असा की प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या क्लबात गेलंच पाहिजे. शेवटी ती आणि आणखी दोन एकलकोंडी माणसं स्वतःचाच 'लिबरेशन क्लब' काढतात. नियम सॉलिड आहेत. सल्ला द्यायचा नाही. सांत्वनही करायचं नाही.

हा नियम मी सरळ ढापलाय. माझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. रिन्यू होणार का, यावर एचआरचं एकच उत्तर, 'कळवतो'. सल्ले मात्र ढीगभर. एमबीए कर, लिंक्डइन नीट कर, जे होतं ते चांगल्यासाठीच. म्हणून लंचला आम्ही तिघींनी ठरवलंय, जिला बोलायचंय तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि भाजी पुढे सरकवायची. टेन्शन गेलं का? छे! पण हल्ली वॉशरूममध्ये जाऊन रडावं लागत नाही, डब्यासमोरच रडता येतं.

तेव्हा या वीकेंडला 'लिबरेशन नोट्स' लावाच. सुरुवात संथ आहे, पण दोन एपिसोड कळ काढा. रविवारी रात्री पोटात तो ओळखीचा सोमवारचा गोळा आला, तर खुशाल मला फोन करा. सल्ला मिळणार नाही. ऐकून मात्र घेईन.