गाऱ्हाण्याचा कायदा

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यातले शिक्षक राज्याच्या पेन्शन योजनेत असतात, केंद्राच्या ‘सोशल सिक्युरिटी’त नाहीत. पण त्यांच्यापैकी अनेक जण शिक्षकी पेशात येण्याआधी दुसरीकडे नोकरीला होते, काहींनी उन्हाळी सुट्टीत चार पैसे जोडले. त्या पगारातून सोशल सिक्युरिटीची वर्गणी रीतसर कापली गेली. निवृत्त झाल्यावर मात्र ‘तुम्हाला एक पेन्शन आहेच की’ असे म्हणत १९८३ ची एक तरतूद त्या लाभाला कात्री लावत असे. विधवांची परवड याहून वाईट. १९७७ च्या तरतुदीनुसार त्यांच्या स्वतःच्या सरकारी पेन्शनच्या दोन तृतीयांश इतकी रक्कम नवऱ्यामागे मिळणाऱ्या लाभातून वजा होई. अनेकींच्या हाती काहीच उरत नसे.

या दोन्ही तरतुदी रद्द करणाऱ्या ‘सोशल सिक्युरिटी फेअरनेस ॲक्ट’वर अध्यक्ष जो बायडेन यांनी ५ जानेवारी २०२५ रोजी सही केली. सिनेटमध्ये त्याचा पाठपुरावा केला तो ओहायोचे डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन आणि मेनच्या रिपब्लिकन सुसान कॉलिन्स यांनी. कॉलिन्स यांनी या प्रश्नावर आपल्या समितीपुढे सुनावणी घेतली होती २००३ मध्ये. म्हणजे गाऱ्हाणे ऐकण्यापासून कायदा होईपर्यंत २१ वर्षे गेली. ब्राउन तर सही झाली तेव्हा निवडणूक हरून माजी सिनेटर झाले होते.

कॉलिन्स मूळच्या कॅरिबूच्या. वस्ती जेमतेम सात-साडेसात हजार, आणि आसपासचा सारा मुलूख बटाट्याचा. या छोट्या गावातही त्यांचे कार्यालय आहे; राज्यात अशी सहा. अडकलेला पासपोर्ट, माजी सैनिकाचा रखडलेला भत्ता, पेन्शनचा चुकलेला हिशेब अशा कामांसाठी तिथे माणसे येतात. १९९७ पासून त्यांनी सिनेटमधले एकही नोंदणीकृत मतदान चुकवलेले नाही आणि अशा मतदानांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. मतदारसंघाची त्यांची काळजी कधी कधी हसू आणते, हेही खरे. २०११ मध्ये कृषी खात्याने शाळेच्या जेवणातल्या बटाट्यावर आठवड्याची मर्यादा घालायचे ठरवले, तेव्हा कॉलिन्सबाई कोलोरॅडोच्या सिनेटरला सोबत घेऊन उभ्या राहिल्या आणि मर्यादा रोखूनच थांबल्या. मुलांच्या आहाराचे काय, हा प्रश्न बटाट्याखाली दबला.

पेन्शनच्या कायद्यातही तोच धोका आहे, फक्त आकडा मोठा. सुमारे २८ लाख लोकांना लाभ देणाऱ्या या कायद्याचा दहा वर्षांचा खर्च तिथल्या संसदीय अर्थसंकल्प कार्यालयाने सुमारे १९६ अब्ज डॉलर काढला. आधीच आटत चाललेला निधी त्यामुळे सुमारे सहा महिने लवकर संपेल, असाही त्यांचा अंदाज. मूळ तरतुदींमागचा हेतू अगदी चुकीचा नव्हता. अल्पवेतनी कामगारासाठी असलेली सवलत दुसरीकडे चांगली पेन्शन असलेल्याने घेऊ नये, एवढाच तो होता. सूत्र ओबडधोबड होते. ते दुरुस्त करता आले असते. त्याऐवजी ते मुळासकट काढून टाकणे सोपे ठरले. सिनेटमध्ये ७६ जणांनी बाजूने मत दिले, विरोध केला २० जणांनी, आणि हिशेबाच्या मुद्द्यावर त्या विसांचे म्हणणे वजनदार होते. निवृत्त शिक्षिका सिनेटरच्या कार्यालयात येते. हा निधी आटल्यावर ज्याला झळ बसेल तो पंचविशीतला कामगार तिथे येत नाही.

तरीही आपल्याला हेवा वाटावा असे यात काही आहेच. गाऱ्हाणी ऐकणारे खासदार आपल्याकडे कमी नाहीत. जनता दरबार भरतात, शिफारसपत्रे दिली जातात, १९९३ पासून चालत आलेल्या खासदार निधीतून वर्षाला पाच कोटींच्या कामांची शिफारस करता येते. राज्यसभेच्या सदस्याला तर आपल्या राज्यातला कोणताही जिल्हा निवडता येतो. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, आणि त्या प्रत्येकावर नावाची पाटी. अमेरिकेतही मतदारसंघासाठी निधी मागण्याची प्रथा दहा वर्षांच्या बंदीनंतर २०२१ मध्ये परतली आहे. मात्र प्रत्येक मागणी जाहीर करावी लागते आणि त्यात आपला किंवा कुटुंबाचा आर्थिक स्वार्थ नाही, हे लिहून द्यावे लागते.

आपल्या खासदाराची वाट बंद होते ती पुढे. स्वातंत्र्यानंतर खासगी सदस्यांची अवघी १४ विधेयके कायदा झाली, त्यातले शेवटचे १९७० मध्ये. शुक्रवारी दुपारचे अडीच तास या कामासाठी राखलेले असतात आणि तेही गोंधळात सहज वाहून जातात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वच पणाला लावले. परस्परविरोधी पक्षांचे दोन खासदार एकत्र येऊन एखादे विधेयक वीस वर्षे लावून धरतील आणि मंजूरही करून घेतील, ही शक्यता या चौकटीत जवळपास उरलेलीच नाही.

म्हणून कर्मचारी पेन्शन योजनेतल्या, म्हणजे ‘ईपीएस-९५’च्या, निवृत्तांची गत पाहावी. २०१४ मध्ये त्यांचे किमान निवृत्तिवेतन महिना हजार रुपये ठरले. ते वाढावे म्हणून बुलढाण्यात साखळी उपोषणे झाली. सर्व पक्षांच्या खासदारांनी त्यांची निवेदने घेतली, सभागृहात प्रश्न विचारले, मंत्र्यांना पत्रे लिहिली. यांतल्या एकाही खासदाराने उद्या स्वतःचे विधेयक मांडले, तर ते मतदानापर्यंत कसे न्यायचे, याचे उत्तर दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांकडे मागायला हवे. खासगी विधेयकांवर ठरलेल्या मुदतीत मतदान घेणे आणि त्या मतदानाला पक्षादेशातून वगळणे, या दोन मागण्यांवर तरी महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा आणि १९ राज्यसभा सदस्यांनी एकत्र सही करायला हरकत नसावी.